विंडोज ९८ ला रास्पबेरी पाय जोडला: आठ महिन्यांनंतर

नौपाड्यात बाबांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं. वीसेक वर्षांचं काम पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि मराठी फॉन्टचा डोंगल (लायसनची किल्ली) लागतो प्रिंटर पोर्टला. म्हणून विंडोज ९८ चा पेंटियम थ्री संगणक अजून नोकरीवर आहे. फाइल बाहेर काढायची म्हणजे सीडी राइट करणं आलं.

दसऱ्याला पेंटियम आणि राउटरच्या मध्ये रास्पबेरी पाय ३ बसवला, डबीएवढा छोटा संगणक. लॅनची केबल थेट पेंटियमच्या रिअलटेक ८१३९ नेटवर्क कार्डात, वायफाय राउटरला. दोन संगणक थेट जोडायची क्रॉस केबल लागेल वाटलं होतं, साधीच चालली. फाइल शेअर करायच्या पद्धतींपैकी जुन्या विंडोजला एसएमबी १ च कळतं, आणि सांबाने (पायवरून विंडोजला फाइली शेअर करणारं सॉफ्टवेअर) ४.११ पासून ते मुळात बंदच ठेवलंय. वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस २०१७ मध्ये त्याच वाटेने पसरला, त्यामुळे तक्रार नाही. सांबा फक्त केबलच्या बाजूला चालू ठेवलाय. लॅपटॉपवरून मी एसएफटीपीने (फाइल पाठवायची सुरक्षित पद्धत) फाइली उचलतो. पेंटियमला इंटरनेट दिलेलंच नाही.

डोकं खाल्लं ते पासवर्डने. सांबाच्या सेटिंगमध्ये मिन प्रोटोकॉल एनटी१ केला (म्हणजे एसएमबी १ ला परवानगी), लॅनमॅन ऑथ (पासवर्ड तपासायची जुनी पद्धत) यस केलं, तरी नकारच. दोन रविवार गेले. लॅनमॅन चालू केल्यावर सांबाचा पासवर्ड पुन्हा टाकावा लागतो, नाहीतर जुन्या पद्धतीचा हॅश (पासवर्डचं सांकेतिक रूप) साठवलेलाच नसतो! शिवाय विंडोज ९८ शेअर उघडताना युजरनेम विचारतच नाही, सुरुवातीला लॉगिन केलेलंच पाठवतं. आणि बाबा त्या लॉगिनच्या खिडकीवर वर्षानुवर्षं कॅन्सल दाबत आलेले.

खरा फायदा पीडीएफचा. पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट (छपाईसाठीची) फाइल शेअरमध्ये टाकायची, पायवर घोस्टस्क्रिप्ट हे सॉफ्टवेअर तिची पीडीएफ करतं, पाच मिनिटांत गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सअॅपवर प्रूफ. वेग सेकंदाला तीन-चार एमबी, पत्रिकेला पुष्कळ. फाइलींना देवनागरी नावं मात्र देऊ नका, पेंटियमवर ती ओळखू येत नाहीत.

मार्चमध्ये पायचं एसडी कार्ड गेलं. चूक आमचीच: रात्री दुकान बंद करताना बाबा सरळ मेन स्विच पाडायचे. आता पायच्या पाच आणि सहा नंबरच्या पिनांना घंटीचं बटण लावलंय, कॉन्फिगमध्ये जीपीआयओ-शटडाउनची एक ओळ; बटण दाबलं की पाय नीट बंद होतो. स्विचबोर्डवर बाबांनी स्केचपेनने चिठ्ठी डकवलीय: ‘आधी डबी, मग मेन.’