लेपर्ड दोन, आकडे तेच, उडणं वेगळं (जुहूवर आठ महिने)

ऑगस्टमध्ये डिस्क गोल्फच्या (फेकायच्या चपट्या तबकड्यांच्या खेळाच्या) दोन लेपर्ड मॉडेलच्या डिस्क मागवल्या, एक मऊ डीएक्स प्लॅस्टिकची, एक कडक चॅम्पियन प्लॅस्टिकची. वजन मुद्दाम दोन्हींचं 175 ग्रॅम घेतलं. आकडेही तेच, 6, 5, -2, 1, म्हणजे स्पीड (वेग), ग्लाइड (तरंगणं), टर्न (वेगात असताना एका बाजूला वळणं, उणे जितकं जास्त तितकं जास्त), फेड (शेवटी उलट बाजूला बसणं). सारख्याच उडतील असं वाटलं होतं. डोंबल!

मी उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा आणून फेकतो, डावखुऱ्यांनी सगळं उलटं वाचा. नवी असताना डीएक्स हलकीशी उजवीकडे वळून शेवटी डावीकडे बसायची. मग जुहूची वाळू आणि आमच्या सोसायटीची भिंत, दोघांनी मिळून तीन महिन्यांत तिचा काठ पार खडबडीत केला, आता सुटली की उजवीकडे जाते ती परत यायचं नावच घेत नाही. मऊ प्लॅस्टिक आहे, तसंच होणार. चॅम्पियनवर नुसते ओरखडे. ती पहिल्यापासूनच उजवीकडे वळायला थोडी हट्टी होती, अजून आहे.

वाऱ्याचं गणित मला फार उशिरा कळलं. समोरून वारा आला की डिस्कला वाटतं आपण अजून जोरात चाललोय, म्हणून जास्त वळते. पाठीमागून आला की वळतच नाही आणि लवकर खाली बसते. दुपारनंतर जुहूला वारा समुद्राकडून, म्हणजे वर्सोव्याच्या दिशेने फेकलं तर डावीकडून. त्यात घासलेली डीएक्स उजवीकडे कलली की वारा तिच्या पोटाखाली शिरतो आणि तिला उचलून थेट भेळवाल्यांकडे नेतो. परत फिरून सांताक्रूझच्या बाजूला फेकलं, जरा डावा काठ खाली ठेवून, तरी पुन्हा भेळवालेच, कारण आता वारा उजवीकडून पोटाखाली! दोनदा माफी मागितली, तिसऱ्यांदा भेळ घेतली.

पण सगळं वाऱ्यावर ढकलू नका. चॅम्पियन सारखी वर चढून डावीकडे धपकन पडायची, मी महिनाभर वाऱ्याला शिव्या घातल्या. भाच्याने मोबाइलवर शूट केलं आणि म्हणाला, "मामा, तुझी डिस्क पुढून वर उचललेली सुटतेय." झालं, चूक मनगटाची. आता अंगठ्याने पुढचा काठ जरा दाबून सोडतो, तर तीच डिस्क सपाट जाते. शंका आली की वारा नसताना पहाटे फेकून बघा, तेव्हाही तसंच झालं तर हात किंवा डिस्क, आणि तीच डिस्क दुसऱ्याने फेकल्यावर सरळ गेली तर बिचाऱ्या डिस्कचा काही दोष नाही.

पावसात हात ओला, मे आला की घामाने ओला. नॅपकिन दोन न्या, एक फक्त हाताला. घसरून सुटलेल्या डिस्कवरून काही ठरवू नका.

सध्या डीएक्स फक्त सकाळी काढतो, डावा काठ चांगला खाली झुकवून सोडतो, ती उडता उडता आपोआप सपाट होते आणि अशी लांब तरंगत जाते ना, नवी असताना कधीच गेली नव्हती. संध्याकाळी चॅम्पियन. आणि हो, समुद्राच्या दिशेने भरतीत अजिबात फेकू नका, तिसरी लेपर्डही होती माझ्याकडे.