बिल सिरॅमिकचं, खुब्यात मेटलचा बॉल

माझ्या धाकट्या भावाला ऐन पस्तिशीत एव्हीएन झाला. यात खुब्याच्या बॉलचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाड आतून मरत जातं. स्टेरॉइडचे मोठे डोस हे त्याचं एक नेहमीचं कारण, याच्या बाबतीतही तेच. आजार लवकर पकडला तर हाडाला भोक पाडून दाब कमी करतात (कोर डीकॉम्प्रेशन), स्वतःचा सांधा टिकण्याची आशा असते. भावाचा बॉल चेपला होता, सांधा बदलणं भाग होतं.

तरुण पेशंटला त्या सांध्यावर अजून कित्येक वर्षं काढायची असतात, म्हणून झीज कमी हवी. सर्जननी बॉल आणि लायनर (बॉल ज्यात फिरतो ते अस्तर) दोन्ही सिरॅमिकचे सुचवले. सल्ला योग्यच होता. त्याचे जादा पैसे आम्ही भरले, बिलावरही तसंच छापून आलं.

पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी एक्सरे उजेडात धरला आणि विचारलं, "मेटलचा बॉल का घातलाय?" मेटल ठळक पांढरं दिसतं, सिरॅमिक त्यामानाने फिकं.

इम्प्लांटच्या प्रत्येक खोक्यात स्टिकर असतात, ते पेशंटच्या फाइलमध्ये चिकटवतात. आम्ही मागितले तर "फाइल रेकॉर्डला गेलीय" म्हणाले. मग लेखी अर्ज देऊन पोच घेतली. अर्ज केल्यावर 72 तासांत कागदपत्रं द्यावीत असा डॉक्टरांसाठी नियमच आहे. ऑपरेशनच्या नोंदीमागे चार स्टिकर होते: कप (लायनर बसतो ती वाटी), लायनर, बॉल, स्टेम (मांडीच्या हाडात बसणारा दांडा). बॉलच्या स्टिकरवर कोबाल्ट-क्रोम म्हणजे मेटल, लायनरच्या स्टिकरवर पॉलिइथिलीन म्हणजे प्लॅस्टिक. ही जोडी वाईट नाही, वयस्कर पेशंटना सर्रास बसवतात. पण पैसे आमच्याकडून एका मालाचे घेतले आणि बसवला दुसराच, तोही माणूस भुलीखाली असताना. याची चीड अजून जात नाही.

गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीला 2017 पासून सरकारी मर्यादा आहे, खुब्याच्या नाही. म्हणून ऑपरेशनआधीच कंपनी, मॉडेल, बॉल-लायनरचं मटेरियल आणि किंमत लिहून घ्या. डिस्चार्जच्या दिवशी स्टिकर ताब्यात घ्या, फोटो काढून ठेवा. डिप्यू कंपनीने 2010 मध्ये एएसआर हे मेटलचे सांधे जगभरातून परत मागवले, तेव्हा भारतातल्या बहुतेक पेशंटचा मागच लागला नाही.

हॉस्पिटलने फरकाची रक्कम रोख देऊ केली, अट एकच: तक्रार करायची नाही. आम्ही नकार दिला. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे, सोबत स्टिकरच्या प्रती जोडल्या आहेत.