गाळाची माती की विकतची स्टोनवेअर? ग्लेझ आणण्याआधी हे ठरवा

घरातली लोणच्याची बरणी आणि पुरणाचे मांडे भाजायचं खापर शेजारी ठेवून बघा. बरणी साधारण १२०० अंशांच्या वर भाजलेली असते. तिची माती आतून मिटलेली, त्यामुळे मीठ-तेल झिरपत नाही. खापर बरंच कमी भाजलेलं, सच्छिद्र, म्हणूनच चुलीचा जाळ थेट सोसतं. ग्लेझची, म्हणजे वर काचेसारखा चकचकीत थर असलेली, भांडी करायची तर निवड या दोन जातींतली आहे: बरणीसारखी जास्त तापात भाजायची स्टोनवेअर माती, की खापरासारखी कमी भाजायची गाळमाती.

तापी-गिरणेकाठची गाळमाती स्वस्त, हाताशी आणि चाकावर छान उठणारी. तिच्यात लोह भरपूर. पारदर्शक ग्लेझखाली ती मधासारखी तपकिरी दिसते, निळा रंग मात्र मळकट होतो. उजळ रंग हवा तर आधी पांढऱ्या मातीचा पातळ लेप द्यावा लागतो. ती १२०० अंशांवर नेऊ नका, भांडं फुगतं, वाकतं, भट्टीतल्या फळीला चिकटतं. १००० ते १०६० अंशांना वितळणारं ग्लेझच घ्या. आपल्याकडे खरा त्रास चुनखडीच्या खड्यांचा. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, नंतर तो हवेतला ओलावा शोषून फुगतो आणि ग्लेझसकट टवका उडतो. माझे बारा वाडगे असे गेले. भट्टीतून निघाले तेव्हा एकेक देखणा होता, म्हणून जास्तच लागलं. आता माती पाण्यात कालवून बारीक चाळणीतून गाळल्याशिवाय मी चाकावर घेतच नाही. शेतातली निव्वळ काळी माती तर नकोच, ती वाळतानाच आकसून तडकते.

स्टोनवेअर बाहेरून मागवावी लागते, गाडीभाडं पडतं, वीजही जास्त जळते. पण १२२० अंशांच्या पुढे ग्लेझ आणि माती एकमेकांत मुरतात. कमी भाजलेलं भांडं पाणी पिऊन किंचित फुगतं आणि महिन्यांनीही ग्लेझला बारीक तडे जातात. पक्क्या स्टोनवेअरला ही भीती फार कमी.

भट्टीचं थोडक्यात: विजेच्या भट्टीत तांब्याचं ग्लेझ हिरवं येतं. गॅसभट्टीत हवा कोंडली तर योग्य ग्लेझमधलं तेच तांबं लाल होतं. सुरुवातीला वीजच बरी, निकाल पुन्हा तसाच मिळतो.

माझं मत स्पष्ट आहे. कप, ताटल्या, वाडगे करणार असाल तर स्टोनवेअर घ्या. कुंड्या, फरशा, शोभेच्या वस्तू गाळमातीत करा. शिशाचं ग्लेझ जेवणाच्या भांड्याला कधीच नको. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) घागरीला तर ग्लेझ लावूच नका, पाझरते म्हणून तिच्यातलं पाणी गार राहतं.