ट्रेलरचे टायर घेताना आमची झालेली फसवणूक, टायर चढवण्याआधी आतली बाजू बघाच

आधी महत्त्वाचं सांगते, बाकी वाचायला वेळ नसला तरी एवढं लक्षात ठेवा. टायर रिमवर चढायच्या आधी त्याच्या दोन्ही बाजू स्वतः हातात घेऊन वाचा. दुकानदार म्हणेल ताई तुम्ही बसा, चहा घ्या, पोरं करतात सगळं. बसू नका. आमच्याकडून तीन टायरचे १६,२०० रुपये घेतले आणि दिले काय तर आठ वर्षं पडून असलेले आणि ते पण कारचे. दुकान नाशिकमधलंच आहे, नाव इथे लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे.

आमचा ट्रेलर म्हणजे छोटी कॅरव्हान आहे, एकाच अ‍ॅक्सलची, आत दोन बर्थ, डाव्या बाजूला किचन आणि त्याखालीच ८० लिटरची पाण्याची टाकी, बोलेरोच्या मागे हुकला लावून ओढतो. अंबड एमआयडीसीत एका फॅब्रिकेटरकडून बनवून घेतली, माणसानं काम खूप चांगलं केलंय आणि त्यानं गाडी देतानाच बजावलं होतं की टायर बदलायची वेळ आली की १६५ आर १४ एलटी, ८ पीआर असंच मागायचं (एलटी म्हणजे लाइट ट्रक, पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, टायर किती मजबूत ते), छोट्या टेम्पोला लागतात तसले. मी ते वहीत लिहून ठेवलेलं. २०२४ च्या दिवाळीआधी पहिले टायर बदलायला निघालो तेव्हा वही घेऊनच गेलो.

दुकानदारानं वही बघितली आणि म्हणाला, हो हो, हेच देतो, ट्रेलरसाठी स्पेशल येतात. मी विचारलं पण की यावर एलटी कुठे लिहिलंय, तर त्यानं बाहेरच्या बाजूला १६५/८० आर १४ च्या पुढे ८५टी लिहिलेलं होतं त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ताई, हा टी बघा, टी म्हणजे ट्रेलर." इतक्या खात्रीनं बोलला की माझे मिस्टर पण गप्प झाले. तो टी म्हणजे स्पीडचं चिन्ह आहे, १९० किलोमीटर ताशीपर्यंतचा टायर एवढाच त्याचा अर्थ, ट्रेलरशी काहीही संबंध नाही. आणि त्याच्या आधीचा ८५ हा लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर जास्तीत जास्त ५१५ किलो पेलणार. आम्हाला जो पाहिजे होता त्या एलटीवर ९७/९५ असतं, पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी, आणि ९७ म्हणजे ७३० किलो. बाहेरून बघितलं तर दोन्ही टायर जवळजवळ सारखेच दिसतात, रिम तीच, उंची तीच, म्हणून "साईझ तीच आहे ना" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. साईझ तीच असली तरी एका टायरमागे दोनशे किलोच्या वर फरक आहे.

अमेरिकेत ट्रेलरसाठी खरंच वेगळे टायर मिळतात, त्यांच्या साईझच्या आधी एसटी म्हणजे स्पेशल ट्रेलर लिहिलेलं असतं, साईडवॉल म्हणजे टायरची बाजूची भिंत जाड असते. आपल्याकडच्या दुकानात ते सहसा दिसत नाहीत म्हणून एलटी वापरायचे. त्यामुळे कुणी ट्रेलर स्पेशल म्हणाला तर त्याला सांगा की अक्षरं दाखव. आणि अजून एक सोपी खूण आहे जी मला नंतर कळली. भारतात विकायच्या टायरवर आयएसआयचा शिक्का लागतो आणि त्याच्याबरोबर आयएस नंबर असतो, कारच्या टायरला आयएस १५६३३ आणि कमर्शियल गाडीच्या टायरला आयएस १५६३६. आमच्या टायरवर १५६३३ स्पष्ट छापलंय. म्हणजे टायर स्वतःच सांगत होता की मी कारचा आहे, फक्त ते वाचायचं कुठे हे गिऱ्हाईकाला कुणी सांगत नाही आणि अशी दुकानं त्याच्यावरच चालतात.

आता वयाचं. टायर कधी बनला ते साईडवॉलवर एका लांबट गोल चौकटीत चार आकड्यात असतं, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ही तारीख बऱ्याच टायरवर एकाच बाजूला असते. आमचे तिन्ही टायर, स्टेपनीसकट, तारखेची बाजू आत करून चढवलेले. एखादा चुकून उलटा बसला असता तर समजू शकते, तिन्हीचे तिन्ही कसे बसतील? वरून पॉलिश मारून काळेभोर केलेले आणि रबराचे ते बारीक केस असतात ना ते पण जागेवर होते, मिस्टर म्हणाले केस आहेत म्हणजे नवाच आहे. सगळे तसंच समजतात. पण केस एवढंच सांगतात की टायर रस्त्यावर फिरलेला नाही. गोडाऊनमध्ये पडून पडून रबर कडक होतं, उन्हानं हवेनं तडकतं, आणि त्या बारीक भेगा पॉलिशखाली दिसत नाहीत. काट्यांच्या, म्हणजे टायरवरच्या नक्षीच्या, फटी अंगठ्यानं ताणून आत बघितलं तर दिसतात.

बिलाचं पण सांगते. तो म्हणाला पक्कं बिल पाहिजे तर २८ टक्के जीएसटी वर लागेल (तेव्हा २८ होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झालाय, कुणी अजून जुना रेट लावत असेल तर विचारा). आम्ही म्हणालो टॅक्स धरून काय होईल ते सांगा पण बिल पक्कंच द्या. मग टायरला ५,४०० प्रमाणे पैसे घेतले, कागद दिला, बिल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो प्रिंटर बंद आहे म्हणाला आणि ते बिल कधी आलंच नाही, फोन केला की उद्या पाठवतो. हातातल्या कागदावर वर बारीक अक्षरात एस्टिमेट लिहिलेलं, जीएसटी नंबर नाही, टायरचा सिरीयल नंबर नाही, नुसतं "टायर ३ नग". पैसे यूपीआयने दिले होते आणि ते दुकानाच्या नावावर न जाता एका माणसाच्या नावावर गेले. तरी ती यूपीआयची नोंद पुढे फार उपयोगाला आली, म्हणून रोख देऊच नका.

आणि निघताना हवा भरून दिली ३५ पीएसआय. मिस्टरांनी सांगितलं की आमचा फॅब्रिकेटर ६५ म्हणाला होता, तर हा घाईघाईनं म्हणाला, "नाही नाही भाऊ, ३५ च्या वर अजिबात जाऊ नका, फुटेल." मला आजही सगळ्यात जास्त संताप या वाक्याचा येतो. ८ पीआरच्या एलटीला पूर्ण लोडसाठी ६५ च्या आसपास हवा लागते, ३५ ही कारच्या टायरची हवा. म्हणजे त्याला पक्कं माहीत होतं की आपण काय विकलंय. चुकून दुसरा माल गेला असं तो आता म्हणतो ना, ते या एका वाक्यानं खोटं पडतं.

पुढचं ऐका. मार्चअखेर भंडारदऱ्याला निघालो, विल्होळी सोडून वाडीवऱ्हेच्या जवळ पोचलो असू, दुपारचं ऊन, गाडीत सासूबाई आणि मुलं. (ट्रेलरमध्ये चालत्या गाडीत कुणालाही बसवू नका, मुलं कितीही हट्ट करू देत.) आम्हाला पुढे काहीही जाणवलं नाही. ट्रेलरचं हेच वाईट असतं, कारचा टायर बसला की स्टिअरिंग ओढतं, कळतं, मागच्या ट्रेलरचा बसला तर ओढणाऱ्याला पत्ताच लागत नाही आणि तो तसाच घासत तापत राहतो. एक बाईकवाला शेजारी येऊन जोरजोरात हात करायला लागला तेव्हा मिस्टरांनी हळूहळू बाजूला घेतली. डाव्या टायरचा वरचा पट्टाच्या पट्टा सुटून आला होता आणि फिरता फिरता त्यानं मडगार्ड तोडलं, टेललॅम्पची वायरिंग उपटली, पाण्याच्या टाकीचा पाईप फोडला. गॅसचा पाईप दुसऱ्या बाजूनं जातो. तो डावीकडून असता तर काय झालं असतं ते मला लिहायचं पण नाही. उन्हाळ्यात समृद्धीनं लोणारला जायचा बेत होता, त्या काँक्रीटवर एकसारख्या वेगात तासन् तास हे टायर पळवले असते या विचारानं अजून पोटात गोळा येतो.

हायवेवर एक पंक्चरवाले काका भेटले, वयस्कर, शांत माणूस. त्यांनी फुटलेला टायर एकदाच फिरवून बघितला आणि म्हणाले, "अहो पोरी, हा तर कारचा टायर आहे, ट्रेलरला कुणी लावून दिला?" मग उजवीकडचं चाक काढून आतली बाजू दाखवली, चौकटीत ४११६. २०१६ चा ४१ वा आठवडा म्हणजे ऑक्टोबर. आम्ही घेतला तेव्हाच त्याला आठ वर्षं झालेली. स्टेपनीवर पण तेच साल. काकांनी त्यांच्याकडचे एलटी टायर परतीपुरते लावून दिले आणि पैसे अगदी वाजवी घेतले, असेही लोक आहेत म्हणून बरं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. पहिलं उत्तर, "तुम्ही ओव्हरलोड केला असेल." तर आमच्याकडे वजनकाट्याची पावती होती, पूर्ण भरलेला ट्रेलर ११६० किलो. त्यातलं साधारण दहा टक्के वजन हुकवर म्हणजे बोलेरोवर येतं, उरलं १०४५ च्या आसपास, दोन टायरवर वाटलं तर एकेकावर ५२० च्या वर. आणि किचन टाकी डावीकडे म्हणजे डाव्यावर अजून जास्त, फुटला पण डावाच. ५१५ किलोचा टायर तिथे नवाकोरा असता तरी पुरला नसता. अमेरिकेत तर कारचा टायर ट्रेलरला लावायचा असेल तर त्याची क्षमता १.१ नं भागून धरतात, म्हणजे ५१५ चे ४६८ च. ७३० वाला एलटी असता तर आरामात पेललं असतं. हे सगळं मी कागदावर मांडून दाखवलं तेव्हा त्याचा सूर बदलला, म्हणाला ताई माल बदलून देतो, जुने तिन्ही परत आणा आणि कुणाला बोलू नका. आम्ही टायर परत दिले नाहीत. पुरावा म्हणून तर नाहीच पण त्यातले दोन दिसायला अजून नव्यासारखे आहेत, पॉलिश मारून ते उद्या दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागले असते.

मग १९१५ ला फोन केला, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, मराठीत पण बोलता येतं. तिथे तक्रार नोंदवल्यावर दुकानदार टायरचे पैसे द्यायला तयार झाला पण ट्रेलरच्या दुरुस्तीचे नाही, आणि टायर परत पाहिजेतच ही अट. ते मान्य केलं नाही, वकिलाची नोटीस दिली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात गेलोय. लोक घाबरतात म्हणून सांगते, पाच लाखापर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. आम्ही दिलेले कागद म्हणजे ते एस्टिमेट, यूपीआयची नोंद, वजनकाट्याची पावती, टायरच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि काकांनी स्वतःहून लिहून दिलेलं.

नवे टायर कंपनीच्या अधिकृत डीलरकडून घेतले. चढवायच्या आधी तारीख, एलटी, ८ पीआर, ९७/९५ सगळं वाचलं, सिरीयल नंबर बिलावर लिहून घेतले, तारखेची बाजू बाहेर ठेवायला लावली. त्यानं व्हॉल्व्ह पण बदलायला सांगितले, साधे रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयलाच संपतात आणि टायर तापला की हवेचा दाब त्याच्या वर जातो, म्हणून मेटलचे बसवले. आता निघायच्या दिवशी सकाळी टायर थंड असतानाच हवा बघतो, वाटेत तापल्यावर वाढलेली दिसली तर सोडत नाही. चाकाचे नट पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत आवळतो. ट्रेलर जास्त दिवस उभा राहणार असेल तर चाकांवर कापड टाकतो, खाली प्लायचे तुकडे आणि मधूनमधून थोडा पुढेमागे करतो, कारण ट्रेलरचे टायर झिजून क्वचित जातात, बहुतेक वेळा उभ्या उभ्या उन्हात म्हातारे होऊनच जातात. काटे कितीही शिल्लक असले तरी पाच-सहा वर्षांत बदलायचेच असं ठरवलंय.

ज्यांनी गेल्या एक-दोन वर्षांत नाशिकमध्ये ट्रेलरला, फूड ट्रेलरला किंवा छोट्या टेम्पोला टायर घेतलेत त्यांनी कृपा करून आजच खाली वाकून बघा. बाहेरच्या बाजूला चार आकडे दिसले नाहीत तर चाक काढून आतून बघा. २०१६-१७ चा माल निघाला आणि बिलाच्या जागी एस्टिमेट असेल तर मला कळवा, आमच्या तक्रारीची कॉपी देते. पुढच्या तारखेला आयोगासमोर एकाच्या जागी चार तक्रारी असतील तर त्याला चुकून गेला असं म्हणता येणार नाही.