मुस्तफाची पिवळी टोपी मलाच घातली, 28 हजारांना

नव्वदीत व्हिडिओ गेम पार्लरमधे रुपया रुपया घालून मुस्तफा खेळलेल्यांनी हे वाचा, आणि आता हातात दोन पैसे आलेत म्हणून ओरिजिनल बोर्ड (पार्लरच्या मशीनमधला गेमचा सर्किट बोर्ड) घरी आणायची खाज सुटलीये त्यांनी तर दोनदा वाचा.

गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स, कॅपकॉमचा, 1993 चा. पण आमच्या सांगलीत ते नाव कुणाच्या बापाला माहीत नव्हतं, पिवळ्या टोपीवाला तो मुस्तफा आणि गेमचं नाव पण मुस्तफाच. ज्या बोर्डवर तो चालतो तो सीपीएस-1, 1988 ला फरगॉटन वर्ल्ड्स घेऊन आला, मग त्यावरच फायनल फाइट, स्ट्रीट फायटर 2. शेवटी शेवटी कॅपकॉमने यातच क्यूसाउंडवाले (चांगला स्टिरिओ आवाज देणारी सिस्टम) चार-पाच गेम काढले, मुस्तफा, पनिशर, वॉरियर्स ऑफ फेट वगैरे, त्यात आवाजाला वेगळी चिप आणि कबुकी नावाचा लॉक केलेला झेड80 प्रोसेसर. त्या लॉकची किल्ली एका छोट्या बॅटरीवर जिवंत असते, बॅटरी मेली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड शोपीस. म्हणून तिला सुइसाइड बॅटरी म्हणतात.

हे सगळं मी वाचलेलं होतं, आणि गंडलो ते नेमकं याच्यामुळेच.

झालं असं की एका ऑनलाइन ग्रुपवर एकाने बोर्ड विकायला काढला, "मुस्तफा ओरिजिनल, जपानहून आणलेला, 35 हजार". मी लगेच शहाणपणा केला, विचारलं "बॅटरीचं काय?" तर पठ्ठ्या म्हणतो "सर, बॅटरी काढून टाकलीये, लॉक उडवलेला आहे, आता हा बोर्ड कधीच मरणार नाही." आता गंमत बघा, हे असं खरंच करतात, लॉक नसलेला कोड टाकून बोर्ड बॅटरीशिवाय चालवतात, त्यामुळे मला वाटलं वा, माणूस जाणकार दिसतोय. पण डोकं एवढं चाललं नाही की पायरेटेड बोर्डमधेही बॅटरी नसतेच, चोरताना लॉक आधीच फोडलेलं असतं. एका वाक्यात त्याने बॅटरी नसण्याचं कारणही दिलं आणि मला सर म्हणून खूशही केलं.

व्हिडिओ मागितला तर लगेच पाठवला. टेबलावर बोर्ड, त्याला हार्नेस (जोडणीच्या वायरींचा जुडगा) लावलेला, मागे टीव्हीवर जीपवाली लेव्हल चालू, आवाज एकदम खणखणीत. 28 हजारांवर सौदा ठरला, सगळे पैसे यूपीआयने ॲडव्हान्स. हो, सगळे. बायकोला अजून 8 च सांगितलेत.

पार्सल आलं, बबल रॅप फाडला आणि पोटात गोळाच आला. सीपीएस-1 म्हणजे एकावर एक चढवलेले बोर्ड असतात, हातात घेतला तर विटेसारखा लागतो. हा एकच हिरवा पत्रा, पापडासारखा. मोबाईलची टॉर्च मारून बघितलं. ओरिजिनलवर सीपीएस-ए, सीपीएस-बी असं छापलेल्या मोठ्या चौकोनी चिपा असतात, आणि क्यूसाउंडच्या चिपवर डीएल-1425. इथे दोन-तीन चिपांची पाठ पॉलिश पेपरने घासलेली, नंबरच गायब, बोट फिरवलं तर खरखरीत. एक नंबर घासायचा राहिलेला, ती निघाली ओकीची साधी साउंड चिप. तरी आशा सुटेना म्हणून सुपरगनला (असा बोर्ड घरच्या टीव्हीवर चालवायचा डबा) जोडून चालू केला. गेम चालला बरं का, पण म्युझिक म्हणजे लग्नातल्या बँडमधले निम्मे लोक जेवायला गेल्यासारखं, तोच तोच तुकडा परत परत.

मग तो व्हिडिओ परत लावून बघितला, यावेळी डोळे उघडे ठेवून. हार्नेसच्या वायरी टेबलाच्या कडेवरून खाली जातात आणि परत वर येतच नाहीत. टीव्हीच्या मागून एक एचडीएमआयची काळी केबल डोकावतेय! अरे या बोर्डला कुठून आलं एचडीएमआय, यातून आरजीबी (जुना ॲनालॉग सिग्नल) निघतं. म्हणजे टीव्हीवर एम्युलेटर (कॉम्प्युटरवर जुना गेम चालवणारं सॉफ्टवेअर) चालू होता आणि बोर्ड फक्त पोझ देत होता.

त्यामुळे घ्यायचाच असेल तर व्हिडिओ कॉलवर घ्या आणि म्हणा, पॉवर बंद कर, कॅमेरा न हलवता परत चालू कर. केस असेल तर उघडून आतल्या चिपा दाखव म्हणा, प्रत्येकीवरचं नाव वाचता आलं पाहिजे. तिसऱ्या प्लेअरचा वेगळा कनेक्टर कुठाय विचारा, कारण मुस्तफा तिघांचा गेम आहे आणि जाम्माच्या (बोर्ड मशीनला जोडायचा ठरलेला कनेक्टर) 56 पिनांत दोघांच्याच वायरी येतात. आणि "लॉक उडवलाय" म्हणाला तर ज्या कबुकीचं लॉक उडवलं ती कबुकी, किंवा तिच्या जागी काय बसवलंय, ते दाखव म्हणा. खरा माणूस कटकट करेल पण दाखवेल, माझावाला या कशालाच टिकला नसता.

विकणाऱ्याला विचारलं तर आधी "सर कुरिअरमधे बदलला असेल", मग ब्लॉक. 1930 ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) तक्रार टाकलीये, नंबर मिळालाय, बघू. काल मित्राच्या फोनवरून ग्रुप उघडला तर तोच व्हिडिओ परत टाकलेला, तेच टेबल, तीच काळी केबल, फक्त भाव आता 40 हजार.