आठ महिने, चोवीस मुलं आणि पासवर्ड

कोलिब्री या मुलांना शिकवायच्या सॉफ्टवेअरबद्दल लिहीन लिहीन म्हणता आठ महिने गेले. आज बसलो कारण गेल्या आठवड्यात भर वर्गात चोवीसच्या चोवीस मुलांच्या स्क्रीनवरचं गोल चक्र फिरत राहिलं. आमच्यातल्या शिकवणाऱ्या एका दादाने सवयीने लॅपटॉपचं झाकण बंद केलं होतं, आणि तोच लॅपटॉप सर्व्हर, म्हणजे सगळ्या टॅबना धडे पुरवणारं मशीन! झाकण पडलं की लॅपटॉप झोपतो, लॅपटॉप झोपला की वर्ग झोपतो. सेटिंगमध्ये जाऊन झाकण लावल्यावर झोपू नको असं सांगायला दोन मिनिटं लागतात, ती आम्ही आठ महिन्यांत काढली नव्हती, त्यामुळे यात सॉफ्टवेअरचा काही दोष नाही.

कोलिब्री म्हणजे काय ते बहुतेकांना माहीत असेलच. एका मशीनवर धडे भरून ठेवायचे, बाकीचे टॅब राउटरवरून ब्राउझरमध्ये उघडायचे, इंटरनेट लागत नाही, फुकट आहे. हे बनवणाऱ्या लोकांनीच २०१२ साली केए लाइट काढलं होतं, खान अकॅडमीचे धडे नेटशिवाय दाखवायला, त्याचंच हे पुढचं रूप. (खान म्हणजे नट नव्हे, २००४ मध्ये नात्यातल्या एका मुलीला लांबून गणित शिकवता शिकवता ज्याची अख्खी संस्था उभी राहिली तो.)

पण खरं सांगायचंय ते पासवर्डबद्दल.

याच्या आधी तीन महिने आम्ही एक पैसे भरून घेतलेलं ॲप वापरत होतो. नाव घेत नाही. चित्रं सुंदर, आवाज गोड, चांदण्या मिळतात, सगळं छान. फक्त आत शिरायला पासवर्ड, तो आठ अक्षरी, त्यात एक कॅपिटल, एक आकडा आणि एक चिन्ह. मुलं तिसरी ते सहावीची! तिसरीतल्या पोराला शिफ्ट दाबून चिन्ह शोधायला लावायचं, ते दिसत नाही कारण तिथे ठिपके येतात, तीनदा चुकलं की खातं बंद, मग ओटीपी, तो जातो पालकांच्या फोनवर आणि फोन वडिलांच्या खिशात कामावर. एक तासाच्या वर्गातली पहिली पंधरा मिनिटं यात. आठवड्याला तीन वर्ग, बारा आठवडे, म्हणजे छत्तीस वर्ग. गुणाकार करून बघा, नऊ तास. एवढ्यात भागाकार शिकवून झाला असता, हातच्यासकट.

त्यात सीट (मुलामागे एक खातं) घ्यायच्या किमान तीस, आमची मुलं चोवीस, म्हणजे सहा रिकाम्या खुर्च्यांचे पैसे आम्ही वर्गणीतून भरले. सुट्टीत वर्ग बंद होते तरी नूतनीकरण आपोआप झालं. चॅटवर विचारलं तर आधी बॉट, मग माणूस, तो बॉटपेक्षा थंड. परतावा नाही, "क्रेडिट" मिळेल म्हणे, तेही त्यांच्याकडेच वापरायचं. तेव्हा ठरवलं, आता एक पैसा नाही.

कोलिब्रीत एक सेटिंग आहे, मुलांना पासवर्डशिवाय आत येऊ देण्याचं. ते चालू केलं त्या दिवशी पाचव्या मिनिटाला वर्ग सुरू झाला होता. मी तेव्हाच पाच तारे दिले असते.

नाही दिले ते बरं झालं. दीड महिन्याने रिपोर्ट बघताना दिसलं की चौथीतल्या एका मुलीने अपूर्णांकाचा अख्खा विषय पार केलाय. आम्ही खूश. वहीत एक द्वितीयांश अधिक एक चतुर्थांश किती ते विचारलं तर ती गप्प. मग कळलं, तिचा सहावीतला भाऊ आपलं झालं की तिच्या नावावर टिचकी मारून तिचंही करून टाकायचा, प्रेमाने! पासवर्ड नसल्याचा हा तोटा मान्य. तरीही पासवर्ड परत लावला नाही. आता शनिवारी पाच गणितं कागदावर, टॅब बाजूला. कागदावर जे येतं तेच खरं धरतो, आणि तसंही ते आधीपासून करायला हवं होतं.

रिपोर्टबद्दल मात्र मत बदललं ते चांगल्या बाजूने. सुरुवातीला मला ते नुसते रंगीत पट्टे वाटायचे. पण आत शिरलं की कुठल्या मुलाने कुठल्या प्रश्नाला काय उत्तर दिलं तेही दिसतं. ०.१५ मोठं की ०.४ मोठं, या प्रश्नाला पाचवी-सहावीतल्या अकरा जणांनी ०.१५ निवडलं होतं. चुकून नाही, विचार करून, कारण १५ हे ४ पेक्षा मोठं. एकेकाची वही तपासताना आम्हाला ही चूक निष्काळजीपणाची वाटली असती. दुसऱ्या दिवशी ताईने ०.४ च्या पुढे शून्य लावून ०.४० केलं, शंभर घरांचा चौकोन काढला, एकदा पंधरा घरं रंगवली, एकदा चाळीस, आणि वीस मिनिटांत विषय मिटला. १९८४ मध्ये बेंजामिन ब्लूम या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने लिहिलं होतं की एकास एक शिकवणी मिळालेली मुलं नेहमीच्या वर्गातल्या मुलांच्या फार पुढे जातात. आमच्याकडे चोवीस मुलांना चोवीस ताई-दादा कुठून येणार, पण कोण कुठे अडकलंय ते आधी कळलं तर चार ताई-दादांत बरंच भागतं.

बाकी किरकोळ. व्हिडिओ जागा खातात, सगळं चॅनेल (धड्यांचा अख्खा संच) उतरवू नका, लागतील तेवढेच धडे घ्या. भाषेप्रमाणे धड्यांची संख्या कमी-जास्त आहे. जे नव्हतं ते ताईने फोनवर रेकॉर्ड करून कोलिब्री स्टुडिओतून (आपले धडे भरायची त्यांचीच वेबसाइट) चढवलं, मुलांना तेच जास्त आवडतं कारण मधेच ताई शिंकते. हेडफोन नसतील तर सुरूच करू नका, चोवीस व्हिडिओ एकत्र वाजले की बाजार भरतो.

आणि एक, ज्याने आमचे दोन वर्ग खाल्ले. राउटर बंद होऊन चालू झाला की सर्व्हरचा पत्ता बदलू शकतो आणि टॅबमध्ये जपून ठेवलेली लिंक उघडत नाही. आम्हाला वाटलं सगळं उडालं. राउटरमध्ये त्या लॅपटॉपचा पत्ता कायमचा राखून ठेवायचा, झालं.

लॅपटॉप जुना आहे, बॅटरी मेलीय, वायर निघाली की खेळ खल्लास. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या छोट्या कॉम्प्युटरवरही हे चालतं, कोणीतरी पडून असलेला एक देतो म्हणालंय, बघू. तोवर झाकणावर सहावीतल्याच त्या भावाने चिठ्ठी चिकटवलीय: "दादा, हात लावू नका."