सलाईन सोडून जिलेटिन: काही महिन्यांच्या वापरानंतर

मोठ्या आतड्यातले रुंद, सपाट पॉलिप (अस्तरावरच्या वाढी) काढताना ते वर उचलले जावेत म्हणून अस्तराखाली टोचायला मी सलाईनऐवजी ४ टक्के सक्सिनिलेटेड जिलेटिन घेऊ लागलो, त्याला आता बरेच महिने झाले. मूळचं हे रक्तदाब सावरायला शिरेतून द्यायचं द्रावण. त्यात थोडं मेथिलीन ब्लू, म्हणजे निळा रंग, घालतो.

सलाईनचा फुगवटा छान उठतो, पण स्नेअरचा (पॉलिप कापायच्या तारेचा) फास उघडून बसवेपर्यंत कडा उतरू लागतात. मग पुन्हा सुई, पुन्हा टोचणं. जिलेटिनचे मोठे रेणू तिथून लवकर निसटत नाहीत आणि पाणीही धरून ठेवतात. निळा उंचवटा कडेलाही उभा राहतो, फास त्याच्या बुडाशी नीट बसतो. सिडनीत झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जिलेटिनने कमी वेळा टोचून, कमी तुकड्यांत आणि जवळपास निम्म्या वेळात काम झालं होतं. २ सेंमीच्या पुढच्या पॉलिपना मलाही फरक स्पष्ट जाणवला. लहानांना सलाईन पुरतं, तिथे उगाच बाटली फोडू नये.

०.४ टक्के सोडियम हायलुरोनेट हे टोचायचं दाट द्रावणही वापरलं. टिकण्यात तेच सरस, यात वाद नाही. पण ते महाग, आणि दोन मीटरहून लांब नळीतून, २५ गेजच्या सुईतून ढकलताना सिस्टरांचा अंगठा पांढरा पडतो. जोराने ढकललं की ते पातळ होतं, आत जाऊन थांबलं की पुन्हा दाट होतं. हा मोठाच गुण, तरी सुरुवातीचा जोर लागतोच. २३ गेजची, म्हणजे जरा जाड सुई आणि १० मिलीऐवजी ५ मिलीची सिरिंज घेतली तर बरंच सुसह्य होतं, कारण बारीक सिरिंजमध्ये तेवढ्याच जोराला दाब जास्त मिळतो. जिलेटिनला ही कसरत करावी लागत नाही. माझ्या मते रोजच्या कामात दाटपणाइतकंच हेही महत्त्वाचं.

फुगवटा उठलाच नाही, तर द्रावण बदलून उपयोग नाही. खाली जुन्या जखमेचा व्रण असेल किंवा कर्करोग खोल गेलेला असेल. तिथे जोर न करता थांबावं.

तक्रारी दोन. ५०० मिलीच्या बाटलीतलं थोडंसंच लागतं, उरलेलं टाकावं लागतं. पुढच्या रुग्णाला वापरायचं नाही म्हणजे नाही. दुसरी अधिक गंभीर: हे जिलेटिन गोवंशापासून बनतं. संमती घेताना हे स्पष्ट सांगायला हवं, ॲलर्जीही विचारायला हवी. नको म्हणणाऱ्यांसाठी आम्ही ६ टक्के हायड्रॉक्सीइथाइल स्टार्च ठेवतो. ते मका किंवा बटाट्याच्या स्टार्चपासून बनतं, आणि सुईतून जातंही सहज.